वेरूळचा फासा, नळाचा बेहडा आणि संगणकाचे 'बीज' : यादृच्छिक संख्यांचा इतिहास

#इतिहास #धागा

१/
वेरूळच्या लेण्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा कोरलेला आढळतो. शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसले आहेत आणि खाली नंदीभोवती गणांचा दंगा चालला आहे. क्रमांक १४ची 'रावण की खाई', क्रमांक २१चे 'रामेश्वर' आणि क्रमांक २९चे 'धुमार लेणे' या तिन्ही ठिकाणी हे शिल्प पाहता येते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, कोण्या शिल्पकारांनी विश्वाच्या स्वामीलाही फाशाच्या स्वाधीन केले.

त्या फाशापासून आजच्या संगणकाच्या काळ्या खिडकीत टंकलेल्या एका आज्ञेपर्यंतचा प्रवास या धाग्यात पाहू. याच लेण्यांभोवतीच्या कापसाच्या आणि मक्याच्या शेतांशी त्याचा संबंध कसा येतो, तेही पाहू.

२/
आधी कोडे समोर ठेवतो.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना 'ऑक' ही छोटी भाषा परिचित असेल. टर्मिनलवर एका ओळीची आज्ञा द्यायची आणि उत्तर घ्यायचे, अशी तिची रीत. तिच्यात 'रँड' नावाचे एक फलन आहे. ते ० आणि १ यांच्या दरम्यानची एक यादृच्छिक संख्या देते.

ऑकच्या प्रचलित ग्नू आवृत्तीत ही आज्ञा चालवा आणि आलेली संख्या टिपून ठेवा. पुन्हा चालवा. तीच संख्या! उद्या चालवा, तरीही तीच!

मग ही संख्या 'यादृच्छिक' कशी? रचणाऱ्यांची ही चूक असावी असे प्रथम वाटते. ती चूक नाही. तिच्यामागे बराच मोठा इतिहास उभा आहे.

३/
प्रथम शब्द समजून घेऊ. 'यदृच्छा' म्हणजे आपोआप, हेतूशिवाय घडणे. त्यावरून यादृच्छिक. अशा संख्यांकडून दोन अपेक्षा असतात. एक, प्रत्येक अंकाला समान संधी मिळावी. दोन, आलेल्या अंकांवरून पुढचा अंक ओळखता येऊ नये.

हे काम माणसाला जमत नाही. मित्रांना १ ते १० मधील एक संख्या मनात धरायला सांगा. 'सात' हे उत्तर आपल्या वाट्यापेक्षा अधिक वेळा येईल. टोकाच्या संख्या आपण टाळतो, लागोपाठ तोच अंक घेणेही टाळतो. निवड करताना आपली आवड-नावड नकळत हातात उतरते. म्हणूनच माणसाने अगदी प्राचीन काळापासून निवड हाताबाहेर ठेवण्याची साधने शोधली.

४/
भारतातील असे एक प्राचीन साधन झाडावर लागत होते. वैदिक काळी 'अक्ष' म्हणून विभीतकाची, म्हणजे आपल्या बेहड्याची, फळे वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे प्रसिद्ध सूक्त आहे. त्यात या फळांच्या मोहाने घरदार गमावलेला माणूस आपली व्यथा सांगतो.

कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही नावे आपल्याला युगांची म्हणून ठाऊक आहेत. मुळात ती द्यूतातील डावांची नावे होत. कृत सर्वांत चांगला, कली सर्वांत वाईट. खेळाची परिभाषा पुढे कालगणनेत शिरली.

५/
महाभारताच्या वनपर्वातील नळोपाख्यान याच बेहड्याशी जोडलेले आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे निघतात. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे पाहतो आणि धावत्या रथातून सांगतो, की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत.

नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. संख्या तंतोतंत जुळते. हे कसे साधले, असे विचारल्यावर ऋतुपर्ण म्हणतो, मी अक्षविद्येचा जाणकार आहे आणि म्हणूनच गणनेतही निपुण आहे.

६/
फाशाचे ज्ञान आणि मोजल्याशिवाय अंदाज करण्याचे ज्ञान एकाच माणसाच्या ठायी असावे, हे कथाकाराला स्वाभाविक वाटले. संख्याशास्त्राच्या इतिहासकारांचे लक्ष या कथेकडे गेले ते याच कारणाने.

सावधगिरीही हवी. ही कथा आहे, नमुना-पाहणीचे पाठ्यपुस्तक नव्हे. ऋतुपर्णाने त्या फांद्या फासे टाकून निवडल्या असे कथेत कुठेही म्हटलेले नाही. तरीही प्रश्न अचूक मांडलेला आहे : संपूर्ण झाड मोजणे शक्य नसेल, तर त्याविषयी विश्वासाने काही सांगता येईल का? विसाव्या शतकात हाच प्रश्न झाडाऐवजी शेताविषयी विचारला गेला.

७/
ब्रिटिश अमदानीत पीक किती आले याचा अंदाज 'आणेवारी'ने होई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. गावकामगार आणि अधिकारी उभ्या पिकाकडे पाहून आणे ठरवीत. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. आजही मराठवाड्यात पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली की बाहेर, यावर टंचाईच्या सवलतींची चर्चा ठरते.

नजरेचा अंदाज मात्र नजरेवर अवलंबून असतो. एकाची सवय हात आखडता घेण्याची, दुसऱ्याची हात सैल सोडण्याची. १९२३ ते १९२५ या काळात जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे छोटे तुकडे यदृच्छेने निवडून, कापून, तोलून पाहिले. पुढे हेच हबॅक ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. आर. ए. फिशर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाने त्यांच्या कामाची दखल घेतली.

८/
आता व्यवहारातली अडचण उभी राहिली. 'यदृच्छेने निवडा' असे लिहिणे सोपे, पण शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने निवडायचे कसे? खिशात फासे घेऊन फिरायचे?

१९२७ साली एल. एच. सी. टिपेट यांनी उत्तर दिले. जनगणनेच्या अहवालांतून अंक उचलून त्यांनी ४१,६०० अंकांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कुठलेही पान उघडा आणि ओळीने अंक वाचत जा. वरवर पाहता निरर्थक अंकांनी भरलेली ही पुस्तिका संशोधकांच्या रोजच्या कामाची वस्तू ठरली. यदृच्छा प्रथमच छापील रूपात विकत मिळू लागली.

९/
१९३८मध्ये फिशर आणि फ्रँक येट्स यांनी लॉगरिदमच्या वीस दशांश स्थळांच्या कोष्टकांतील शेवटचे अंक घेऊन १५,००० अंकांचा तक्ता केला. तपासणीत ६ हा अंक प्रमाणाबाहेर आलेला दिसला. तेव्हा त्यांनी काही ६ काढून त्यांच्या जागी दुसरे अंक घातले.

क्षणभर थांबून याचा विचार करा. यदृच्छेची यादी 'पुरेशी यादृच्छिक' दिसावी म्हणून माणसानेच तिच्यात दुरुस्ती केली! पुढल्याच वर्षी केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी फिरत्या चकतीच्या यंत्रावरून १,००,००० अंक मिळवले आणि अशा अंकांच्या रीतसर चाचण्याही सुचवल्या. १९५५ साली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने तब्बल दहा लाख अंकांचे पुस्तक काढले.

१०/
या कथेत मराठी माणूस येतो तो याच टप्प्यावर. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. यर्झी नेमान, ईगन पिअर्सन आणि फिशर यांच्या सहवासात त्यांनी संख्याशास्त्राचे संशोधन केले.

भारतात परतल्यावर १९४०पासून त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले. नमुना-पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ १९५४चा. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आजच्या तरुण वाचकाला हे नाव अपरिचित वाटावे, हे खेदाचे आहे.

११/
पीक कापणी प्रयोगाची कल्पना थोडक्यात अशी. तालुक्यातून काही गावे यदृच्छेने निवडायची. गावातून गट किंवा सर्व्हे क्रमांक यदृच्छेने निवडायचा. निवड इथेच संपत नाही, कारण शेताचा एक कोपरा भरघोस आणि दुसरा खडकाळ असतो. म्हणून शेतातील जागाही यदृच्छेनेच ठरते.

उदाहरण घेऊ. शेत ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. कापायचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची. लांबीसाठी ० ते ५० आणि रुंदीसाठी ० ते ३५ यांतील एकेक यादृच्छिक संख्या घ्यायची आणि तेवढे अंतर मोजून खुंटी ठोकायची. तिथला तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. पीक वाईट आहे म्हणून खुंटी हलवायची नाही आणि चांगले आहे म्हणूनही नाही.

१२/
इतकी काळजी घेऊनही माणसाचा हात आत शिरतोच, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. तुकडा फार लहान असेल तर त्याच्या सीमेवरील ताटे आत धरायची की बाहेर, हा प्रश्न वारंवार येतो. कापणारा माणूस शंका आली की ताट आतच धरतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने सीमा जास्त, त्यामुळे उत्पन्न फुगून दिसते. १९४६ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांनी हा मुद्दा मांडला.

बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था लहान तुकड्यांच्या पद्धतीने काम करीत होती. दोन पक्षांतला हा वाद संख्याशास्त्राच्या वर्तुळात चांगलाच गाजला. वाद तुकड्याच्या आकाराचा दिसत असला, तरी मूळ प्रश्न 'यदृच्छा संपते कुठे आणि माणूस सुरू होतो कुठे' हा होता.

१३/
आणखी एक सापळा पाहू. आजचे प्रोग्रामरही त्यात पडतात.

गावात ४०० गट आहेत आणि तुमच्याजवळ ००० ते ९९९ अशा तीन अंकी यादृच्छिक संख्या आहेत. संख्या मोठी आली तर ४००ने भागून बाकी घ्यावी, असे सहज सुचते. आता मोजून पाहा. बाकी ५ तीन प्रकारे येते : ५, ४०५, ८०५. बाकी ३०५ मात्र दोनच प्रकारे येते : ३०५, ७०५.

म्हणजे गावाच्या यादीतील पहिल्या निम्म्या गटांना दुसऱ्या निम्म्या गटांपेक्षा दीडपट संधी! उपाय साधा आहे. ८०० आणि त्यापुढची संख्या आली तर ती सोडून द्यायची आणि नवी घ्यायची. संख्या वाया गेली तरी चालेल, न्याय वाया जाता कामा नये.

१४/
'न्याय' हा शब्द इथे जाणीवपूर्वक वापरला आहे. २०१६च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. उंबरठा उत्पन्न हेक्टरी २० क्विंटल धरले आणि प्रयोगांतून १५ क्विंटल निघाले, तर तूट पाच क्विंटलची, म्हणजे २५ टक्के. भरपाईही त्याच प्रमाणात.

आता समजा, निवडीचा अंक बाजूला ठेवून कोणी रस्त्यालगतचे, विहिरीचे, हिरवेगार शेत सोयीसाठी निवडले. त्या एका तुकड्याने मंडळाची सरासरी वर सरकते. खुलताबाद, वैजापूर किंवा पैठण तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्या बांधावर कोणी फिरकलेही नाही, त्याचा फटका बसतो. कुठल्याही बाजूने केलेली 'सोय' दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून जाते. यादृच्छिक संख्या हे त्या दुबळ्या पक्षाचे संरक्षण आहे.

१५/
आता यंत्रांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुविज्ञानातील आकडेमोडीसाठी संगणकांना यादृच्छिक संख्यांचा अखंड पुरवठा हवा होता. तक्ते साठवायला स्मृती अपुरी पडत होती. जॉन फॉन नॉयमान यांनी युक्ती सुचवली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला आणि तीच क्रिया पुन्हा करा.

६१७४ घेऊ. वर्ग ३,८१,१८,२७६. मधले चार अंक ११८२. त्याचा वर्ग १३,९७,१२४. पुढे शून्य लावून आठ अंक केले की मधले चार ३९७१. पुढे ७६८८, मग १०५३. क्रम ओळखता येतो का? नियम ठाऊक नसेल तर नाही. १९४९ साली लॉस एंजेलिसच्या एका परिषदेत फॉन नॉयमान यांनी या पद्धती मांडल्या आणि गणिती क्रियेतून यदृच्छा निर्माण करू पाहणे हे एक प्रकारचे पापच, अशी कोपरखळीही स्वतःलाच मारून घेतली.

१६/
पापाचे फळ लवकर मिळते. याच पद्धतीने २१०० ही संख्या घेऊन पाहा. वर्ग ४४,१०,०००, मधले अंक ४१००. पुढे ८१००. पुढे ६१००. आणि पुन्हा २१००!

घाण्याचा बैल फिरू लागला. यापुढे लक्षावधी संख्या काढल्या तरी याच चार येत राहतील. काही आरंभसंख्या तर शून्यावर जाऊन कायमच्या थिजतात.

१७/
योगायोग असा, की त्याच १९४९ साली मद्रासच्या एका गणित परिषदेत नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी याच्या अगदी उलट बाजूचे सौंदर्य मांडले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू.

चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि पुन्हा तेच करा. १९४९ हेच साल घेऊ :
९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्या, आणि मुक्काम नेहमी ६१७४. हाच तो कापरेकर स्थिरांक.

१८/
फॉन नॉयमान आणि कापरेकर यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मात्र दोघांच्या क्रियांत एकच तत्त्व आहे. संख्या मर्यादित आणि नियम पक्का असेल, तर कधी ना कधी जुनी संख्या परत येणारच. चार अंकी रचना जास्तीत जास्त १०,०००. त्या संपल्या की पुनरावृत्ती अटळ.

कापरेकरांना त्या अटळ मुक्कामात आनंद होता. यंत्रवाल्यांना तो मुक्काम जितका लांबवता येईल तितका हवा होता. पुन्हा १९४९मध्येच डी. एच. लेहमर यांनी नवा मार्ग सुचवला : मागची संख्या एका ठरावीक संख्येने गुणायची, दुसऱ्या मोठ्या संख्येने भागायची आणि बाकी घ्यायची. गुणक आणि भाजक नीट निवडले, तर चक्र कोट्यवधी पायऱ्यांचे होते. पुढच्या कित्येक दशकांतील संगणकांनी याच मार्गाचे प्रकार वापरले.

१९/
'नीट निवडले तर' ही अट महत्त्वाची होती. १९६०च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांबरोबर 'रँडू' नावाची पद्धत सर्वत्र पसरली. गुणक होता ६५,५३९. संख्या एकेकट्या पाहिल्या तर निर्दोष दिसत. त्या तीन-तीनच्या गटाने अवकाशात बिंदू म्हणून मांडल्या, की सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर पातळ्यांवर ओळीने उभे राहत.

१९६८ साली जॉर्ज मार्साग्लिया यांनी अशा सर्वच गुणाकारी पद्धतींचा हा अंगभूत दोष सिद्ध करून दाखवला. तोवर या पद्धतीच्या आधारे किती संशोधन छापून झाले होते, याची कल्पना करा.

२०/
आता आपल्या कोड्याकडे परत येऊ. १९७७ साली बेल प्रयोगशाळेत अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी ऑक ही भाषा रचली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. १९८५च्या सुधारित आवृत्तीत तिला 'रँड' आणि 'एसरँड' ही दोन फलने मिळाली.

'रँड' हे लेहमरच्या वारशातले आहे. आरंभसंख्या द्या, पुढची रांग ठरलेली. या आरंभसंख्येला संगणकाच्या भाषेत 'बीज' म्हणतात. बीज बदलले नाही तर रोप बदलत नाही, म्हणून दर वेळी तीच संख्या. 'एसरँड'चे काम बीज पेरण्याचे. सी भाषेचेही तसेच. लिनक्सवर बीज न देता तिचे 'रँड' चालवले, की पहिली संख्या १८०४२८९३८३ येते. जगभरच्या हजारो विद्यार्थ्यांनी ती पडद्यावर पाहिली आहे आणि प्रत्येकाला ती आपल्यासाठीच खास आल्यासारखी वाटली आहे.

२१/
ऑकमध्ये 'एसरँड'ला काहीच सांगितले नाही, तर ते घड्याळातली वेळ बीज म्हणून घेते. सोय चांगली, पण मोजमाप सेकंदांचे. एकाच सेकंदात आज्ञा दोनदा चालवली तर उत्तर तेच. शिवाय, आज्ञा कोणत्या दिवशी चालली हे कळले की शक्य बीजे फक्त ८६,४००. संगणकाला ती सगळी तपासायला क्षणही लागत नाही.

हा धोका कल्पित नाही. १९९५ साली इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप या त्या काळच्या आघाडीच्या ब्राउजरची गुप्तता भेदून दाखवली. त्याचे बीज मुख्यत्वे वेळेवर आणि चालू प्रक्रियांच्या क्रमांकांवर बेतलेले होते. कुलूप मजबूत होते, पण किल्ली उंबऱ्याखालीच ठेवलेली होती.

२२/
म्हणून आज दोन वेगळी साधने वापरतात. पासवर्ड, बँकेचे व्यवहार यांसाठी बीज कोणालाच कळता कामा नये. १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्सच्या गाभ्यात अशी सोय केली, की कळफलकावरील बोटे, डिस्कच्या हालचाली यांच्या वेळांतील बारीक अनियमितता गोळा करून तिच्यातून अंक मिळावेत. निसर्गातील गोंगाट यंत्राच्या कामी आला. फाशाचेच हे नवे रूप.

पाहणी, सोडत, प्रयोग यांची गरज मात्र उलटी असते. तिथे निवड आधी कोणाला कळू नये, पण नंतर प्रत्येकाला तपासता यावी. ऑकचे कोडे इथे सुटते. तीच संख्या पुन्हा देण्याचा तो 'दोष' या कामी गुण ठरतो.

२३/
कल्पना करा. ग्रामसभेत एखाद्या लहान मुलाच्या हाताने मडक्यातून सहा चिठ्ठ्या काढल्या. आरक्षणाच्या सोडतीत अशी पद्धत आपण पाहतोच. त्या सहा अंकांचे बीज झाले. गटांची यादी आणि आज्ञा आधीच भिंतीवर लावलेली आहे. बीज पेरा, 'रँड'ने दिलेल्या अपूर्णांकाला ४००ने गुणा, दशांश भाग सोडा, एक मिळवा : १ ते ४०० मधील गट क्रमांक तयार.

गावातील कोणत्याही महाविद्यालयीन मुलीने आपल्या संगणकावर तेच बीज पेरावे. तोच गट निघाला तर निवड खरी. वेगळा निघाला तर प्रश्न विचारायला तिच्या हाती पुरावा आहे. अट एवढीच, की यादी, आज्ञा आणि ऑकची आवृत्ती चिठ्ठ्या काढण्यापूर्वीच ठरलेली असावी. आवृत्तीगणिक रांग बदलते, आणि बीज हवे तसे उत्तर येईपर्यंत बदलत राहण्याची मुभा कोणाला असेल, तर सगळी मेहनत फुकट.

२४/
यादृच्छिक संख्यांचा इतिहास हा बहुधा गणिताचा किंवा जुगाराचा म्हणून सांगितला जातो. तो विश्वासाचाही इतिहास आहे. शकुनीच्या फाशांविषयीचा संशय आपल्या लोकस्मृतीत आजही ताजा आहे, कारण फासे कोणाचे हा प्रश्न त्या सभेत कोणी ठामपणे विचारला नाही. टिपेटची पुस्तिका, सुखात्म्यांची खुंटी, ऑकचे बीज : या सगळ्यांनी एकच केले. निवडणाऱ्याच्या हातातून निवड काढून घेतली आणि ती सर्वांच्या नजरेसमोर ठेवली.

पुढच्या वेळी कुठेही 'संगणकीय पद्धतीने यादृच्छिक निवड' असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. यादी आधी जाहीर झाली होती का? बीज कोणी आणि केव्हा ठरवले? तीच निवड मला पुन्हा करून पाहता येईल का?

२५/
धागा इथे संपतो. कापरेकरांची क्रिया आपल्या जन्मसालावर करून पाहा आणि ६१७४पर्यंत किती पायऱ्या लागल्या ते खाली लिहा. शेतीशी संबंध असलेल्या मित्रांपर्यंत हा धागा अवश्य पोहोचवा. पीक कापणीच्या दिवशी बांधावर उभे राहून खुंटी कुठल्या अंकांवरून ठोकली हे विचारणारा एक तरुण प्रत्येक गावात असायला हवा.